सूड देवावर सोपवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? दावीद, तामार, रिस्पा, योना

आडवाट

गेले काही महिने जुना करार, म्हणजे ज्यूंचा तनाख, सूड आणि न्याय या एकाच अंगाने वाचतोय. त्यातली एक ओळ बायबल न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. सूड घेणं माझं काम आहे, असं परमेश्वर म्हणतो. ती आहे 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (३२:३५), मोशेच्या शेवटच्या गीतात. पुढे येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात (१२:१९) ती घेतली आणि 'तुम्ही स्वतः सूड उगवू नका' या उपदेशाला जोडली. त्यामुळे आज ती आपल्या कानावर उपदेश म्हणूनच पडते. मूळ गीताचा सूर वेगळा आहे. कंबर मोडलेल्या लोकांना तिथे धीर दिलाय की शत्रूचा पाय घसरायची वेळ येणार आहे, हिशेब बुडालेला नाही.

आता ही ओळ हाडामांसाच्या माणसाने जगायची कशी? त्यासाठी १ शमुवेलचे २४, २५ आणि २६ हे अध्याय सलग वाचावेत.

चोविसाव्यात इस्राएलाचा शौल राजा तीन हजार निवडक माणसं घेऊन दावीदाच्या, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या माणसाच्या, मागावर आहे. एन-गेदीच्या डोंगरात तो शौचासाठी एका गुहेत शिरतो आणि नेमक्या त्याच गुहेत आत दावीद लपलेला. सोबती म्हणतात, देवानेच आज शत्रू हातात दिलाय. दावीद अंधारात पुढे सरकतो आणि राजाच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतो. तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. शौल बाहेर पडल्यावर तो मागून हाक मारून सांगतो की तुमचा-माझा न्याय परमेश्वर करील, माझा सूडही तोच घेईल, माझा हात तुमच्यावर पडणार नाही. सव्विसाव्यात पुन्हा तेच. रात्रीची छावणी, झोपलेला शौल, उशाशी जमिनीत रोवलेला भाला आणि पाण्याचा तांब्या. अबीशय म्हणतो, एकच घाव घालतो, दुसऱ्याची गरज पडणार नाही. दावीद त्याला आवरतो. परमेश्वर मारील, नाहीतर त्याची वेळ येऊन मरेल, नाहीतर लढाईत पडेल.

या दोन प्रसंगांच्या मध्ये पंचविसावा अध्याय आहे आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. नाबाल हा मावोनचा बडा असामी, तीन हजार मेंढरं, हजार शेळ्या. कर्मेलात लोकर कातरणीचा सण चाललाय. दावीदाच्या माणसांनी त्याच्या मेंढपाळांना रानात राखलेलं असतं, म्हणून ते सणाचं काहीतरी मागायला जातात. नाबाल त्यांना झिडकारतो. कोण हा दावीद? हल्ली धन्याला सोडून पळालेले चाकर फार झालेत! माझी भाकरी, माझं पाणी, कातरणाऱ्यांसाठी कापलेलं मांस कुठल्या कोणाला देऊ? झालं, दावीद तलवार बांधतो. चारशे माणसं निघतात, दोनशे सामानाजवळ थांबतात, आणि वाटेत त्याची शपथ होते की सकाळपर्यंत या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही.

राजा हातात सापडला तेव्हा हात आवरणारा माणूस एका मेंढरंवाल्याच्या उद्धट बोलण्यावर अख्खं घर कापायला निघाला. शौल परमेश्वराचा अभिषिक्त, म्हणजे देवाच्या नावाने तेल ओतून नेमलेला राजा होता, त्याच्यावर हात टाकायची धास्ती होती. नाबालाच्या पाठीशी कोणी नव्हतं. ज्याला आपण सहज चिरडू शकतो त्याच्यासमोरच या ओळीची खरी कसोटी लागते.

त्याला अडवते नाबालाची बायको अबीगईल. नवऱ्याला पत्ता लागू न देता ती दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचं रांधलेलं मांस, हुरडा, शंभर घड मनुका आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादते आणि डोंगराच्या आडोशाने उतरून दावीदाला वाटेतच गाठते. नाबालाला क्षमा करा, तो मनाचा चांगला आहे, असलं ती काही बोलत नाही. नवरा नालायक आहे हे स्वतःच सांगते. तिचं म्हणणं इतकंच, की उद्या तुम्ही इस्राएलावर राज्य कराल तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताचा, आपल्या हाताने घेतलेल्या सुडाचा सल तुमच्या मनात नसावा. दावीद ऐकतो आणि तिला आशीर्वाद देतो. सकाळी नशा उतरल्यावर नाबालाला हे कळतं, त्याचं काळीज दगड होतं आणि दहा दिवसांनी तो मरतो.

याच जातीचं योसेफाचं वाक्य आहे, उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायातलं. बाप वारल्यावर, आता हा आपल्याला सोडणार नाही म्हणून भाऊ भीत भीत येतात, तेव्हा तो विचारतो, मी का देवाच्या जागी आहे?

जाणकारांनी भर घालावी. विरोधही यावा.

सागरगोटा

वाचतोय, विषय आवडला. पण सर्वसाधारण समज असा आहे की जुन्या करारातला देव कोपिष्ट, 'डोळ्याबद्दल डोळा' सांगणारा, आणि सूड सोडून देण्याची भाषा येशूपासून सुरू झाली. तुम्ही तर उलटं सांगताय.

तिसरा_प्रहर

सागरगोटा, तो समज खूप पसरलाय, पण ग्रंथ उघडला की टिकत नाही. उत्पत्ती ४ मधला लामेख बघा. आपल्या दोन बायकांपुढे तो बढाई मारतो की मला जखम केली म्हणून मी माणूस मारला, काइनाचा सूड सातपट असेल तर माझा सत्त्याहत्तरपट. अशा जगात 'एका डोळ्याला एकच डोळा' हा नियम म्हणजे घातलेली मर्यादा आहे. हम्मुराबीच्या शिळेवरही (ती आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे) हाच नियम दिसतो, पण तिथे डोळ्याची किंमत ज्याच्या-त्याच्या दर्जाप्रमाणे. खानदानी माणसाच्या डोळ्याला डोळा, सामान्याच्या डोळ्याला एक मिना चांदी. लेवीय २४ म्हणतं की परका असो वा देशी, नियम एकच. निर्गम २१ मध्ये धन्याने गुलामाचा डोळा फोडला तर त्या डोळ्याबद्दल गुलामाला मोकळं सोडायचं. गुलामीच मुळात होती, हे काही मी झाकत नाही. पुढे तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बींनी (बाबा कम्मा ८३-८४) भरपूर खल करून ठरवलं की डोळ्याबद्दल डोळा म्हणजे पैशात भरपाई.

आणि सूड घेऊ नको, मनात डूख धरू नको, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञा थेट लेवीय १९:१८ मध्ये आहे. येशू तिथूनच बोलतो.

या आज्ञेवर तालमुदात (योमा २३) जे उदाहरण आहे ते मला फार आवडतं. एक जण शेजाऱ्याकडे विळा मागतो, तो देत नाही. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी याच्याकडे कुऱ्हाड मागायला येतो. 'तू विळा दिला नाहीस, मीही कुऱ्हाड देणार नाही' असं म्हणणं हा सूड. 'ही घे कुऱ्हाड, मी काही तुझ्यासारखा नाही' असं म्हणणं म्हणजे डूख. दुसरा प्रकारही निषिद्धच! आपल्यापैकी बहुतेकांना तो दुसरा प्रकार थोरपणा वाटतो.

नीरजा_प

आडवाट, लेखन आवडलं. पण मला कडाडून विरोध नोंदवायचाय. मी वकिली करते, कौटुंबिक प्रकरणं बघते. 'देवावर सोड', 'देव बघून घेईल', 'त्याच्या कर्माने मरेल' ही वाक्यं मी जितक्यांदा ऐकते, त्यातली जवळजवळ सगळी मार खाल्लेल्या बाईला सांगितलेली असतात. सांगणारे असतात सासरचे, कधी माहेरचे. मारणाऱ्याला कोणी सांगत नाही की बाबा, तुझा राग देवावर सोड.

तुम्ही दावीदाचंच उदाहरण घेतलंत ना, मग २ शमुवेल १३ पण वाचा. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आजाराचं सोंग करतो, सावत्र बहीण तामार हिला हातची भाकरी करून वाढायला बोलावून घेतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. त्याआधी ती त्याला विनवते, इस्राएलात असं करत नसतात, मी माझी लाज घेऊन कुठे जाऊ? नंतर तो तिला चाकराकरवी बाहेर काढून दाराला कडी लावतो. ती शोकाने डोक्यावर राख टाकते, अंगावरचा लांब झगा फाडते, डोक्यावर हात ठेवून रडत जाते. भाऊ अबशालोम म्हणतो, गप्प राहा, तुझा भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आणि राजा? राजाला फार राग आला. बस. राजाने काहीही केलं नाही.

दोन वर्षं कोणी काही बोलत नाही. मग अबशालोम मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत अम्नोनाला पाजून मारतो. त्यातूनच पुढे बापाविरुद्ध बंड, यादवी, शेवटी अबशालोमाचाही मृत्यू. तामारचं पुढे काय झालं? भावाच्या घरी उजाड होऊन राहिली, एवढंच लिहिलंय. ज्याच्याकडे न्याय द्यायची सत्ता होती तो गप्प बसला की सूड असा सुऱ्याच्या वाटेने घरात येतो.

आडवाट

नीरजाताई, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला खरी दिशा मिळाली. गुहेत दावीद जे देवावर सोडत होता ती त्याची स्वतःची फिर्याद होती. छळ त्याचा झाला होता, वनवास त्याला घडला होता. आपला घाव देवावर सोडायचा त्याला अधिकार होता. तामारचा घाव त्याचा नव्हता. तिथे तो न्यायाच्या आसनावर बसलेला होता आणि ते आसन त्याला याच कामासाठी मिळालं होतं. स्वतःवरच्या अन्यायाचा सूड सोडणं आणि दुसऱ्यावरच्या अन्यायाचा न्याय सोडून देणं यातली रेघ मला या ग्रंथात जागोजाग दिसते. संदेष्टे याच मुद्द्यावर राजांच्या अंगावर जातात. आमोस वेशीतल्या पंचांवर आग पाखडतो, यशया पहिल्याच अध्यायात अनाथाचा न्याय करा, विधवेचा कैवार घ्या म्हणून सांगतो. देव बघेल, असं ते अधिकाऱ्यांना कधी म्हणत नाहीत.

नीरजा_प

इथवर आपलं एकमत. मग आश्रयाच्या नगरांचंही बघू, कारण सूड माणसाच्या हातातून काढून घ्यायची यंत्रणा तिथे प्रत्यक्ष उभी केलीय. गणना ३५, अनुवाद १९, यहोशवा २०. खून झाला की मेलेल्याचा जवळचा नातलग रक्ताचा सूड घ्यायला निघणार, ही जुनी रीत. ती मोडता येत नव्हती, म्हणून तिच्या वाटेत सहा नगरं ठेवली. यार्देनेच्या अलीकडे केदेश, शखेम, हेब्रोन. पलीकडे बेसेर, रामोथ, गोलान. हातून चुकून माणूस मेला असेल, म्हणजे लाकडं तोडताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटून सोबत्याला लागलं (हे उदाहरण ग्रंथातलंच आहे), तर पळून तिथे जायचं. तिथे मंडळीसमोर चौकशी. मुद्दाम मारलेलं निघालं तर आश्रय नाही, आणि श्रीमंत असलास तरी पैसे भरून सुटका नाही. एका साक्षीदारावर कोणालाही मृत्युदंड नाही. अपघात निघाला तर मुख्य याजक मरेपर्यंत त्या नगरातच राहायचं.

मिश्नात, म्हणजे तालमुदाच्या जुन्या गाभ्यात (मक्कोत, दुसरा अध्याय) एक तपशील आहे. मुख्य याजकाच्या मृत्यूवर या लोकांची सुटका अवलंबून, म्हणून याजकांच्या आया त्यांना अन्न आणि कपडे पुरवायच्या. का? तर त्यांनी आपल्या मुलाच्या मरणासाठी प्रार्थना करू नये म्हणून. कायदा लिहिणाऱ्यांनी माणसाचं मन इतकं जवळून पाहिलेलं होतं.

वसईकर

मी कॅथलिक, लहानपणापासून स्तोत्रं ऐकत आलोय. धाग्यात अजून शापाची स्तोत्रं आली नाहीत म्हणून लिहितो. १३७ वं सगळ्यांना अर्धंच माहीत असतं. बाबेलला धरून नेलेले ज्यू म्हणतात, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलो, वाळुंजांवर वीणा टांगल्या, परक्या देशात परमेश्वराचं गाणं कसं गाऊ. शेवटची ओळ म्हणते की बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणारा धन्य. १०९ व्यात शत्रूची मुलं अनाथ होवोत, बायको विधवा होवो, सावकार त्याचं सगळं लुटून नेवो.

आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७१ साली प्रहरांच्या प्रार्थनेचा जो नवा ग्रंथ आला त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रं पूर्ण गाळली. १३७ सारख्यांतल्या जहाल ओळी काढल्या. रोज प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या तोंडी असले शब्द नकोत, हा हेतू मला समजतो. तरीही मला ते गाळणं पटत नाही. ज्याचं पोर डोळ्यांदेखत मारलं गेलं त्याने कोणते शब्द वापरायचे? ही स्तोत्रं म्हणणाऱ्याच्या हातात तलवार नाही. तो हरलेला, धरून नेलेला, बेड्यांतला माणूस आहे. आपला सगळा विखार तो देवासमोर ओततोय आणि पुढचं देवाच्या हाती ठेवतोय. आतल्या आत दाबला असता तर तो विखार कुठेतरी फुटलाच असता. नीरजाताई सांगतात त्या बाईला आपण गप्प बसवतो. हे स्तोत्र तिला ओरडायला मोकळीक देतं.

सागरगोटा

वसईकर, तुमचं म्हणणं भिडलं, पण धोका दिसतोच आहे. बेड्यांतल्या माणसाने रचलेलं गाणं पुढे सत्तेवरच्या माणसाच्या तोंडी आलं तर? शब्द तेच, आणि आता हातात तलवारही आहे.

वसईकर

खरं आहे, तसं इतिहासात घडलंही आहे. म्हणून ते कोण म्हणतंय आणि कुठे उभं राहून म्हणतंय, हे विचारत राहायला हवं. पण त्या भीतीपायी पीडिताच्या तोंडून गाणंच काढून घ्यावं असं मला वाटत नाही.

शुलमीत_अश्दोद

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता मुक्काम अश्दोद. घरात मराठीच. धागा सकाळपासून वाचतेय.

पेसाख म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेचा सण. त्या रात्री आम्ही त्या सुटकेची कथा सांगणारा ग्रंथ, हग्गादा, वाचतो. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकुराचा सचित्र हग्गादा छापला होता, म्हणजे हे सगळं मराठीत वाचायची आमची सवय जुनी. त्या रात्री दोन गोष्टी होतात. मिसरावरच्या दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातून एकेक थेंब द्राक्षारस काढून टाकायचा, आपल्या सुटकेत दुसरे मेले म्हणून आनंदाचा प्याला तेवढा उणा, असा त्याचा अर्थ आम्हाला सांगितला जातो. आणि चौथ्या प्याल्याच्या सुमाराला ७९ व्या स्तोत्रातली ओळ, तुला न ओळखणाऱ्या राष्ट्रांवर तुझा कोप ओत. अनेक घरांत त्या वेळी दार उघडतात. एकाच ताटावर या दोन्ही गोष्टी, आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

माझ्या शेजारच्या अश्केनाझी (युरोपी परंपरेच्या) सिनेगॉगमध्ये शब्बाथला 'अव हाराखामीम' म्हणतात. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या जमावांनी ऱ्हाइनकाठी श्पायर, व्होर्म्स, माइन्झ इथल्या ज्यूंची कत्तल केली, त्यानंतरची ती प्रार्थना. तिची सुरुवात होते दयाळू पित्यापासून आणि ती मागते सांडलेल्या रक्ताचा सूड. मागणं देवाकडे आहे. तालमुदात असंही आहे की मिसरी समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना थांबवलं. माझ्या हातची निर्मिती बुडतेय आणि तुम्ही गाता?

कातळ

सगळे फार हळुवार लिहिताय. अवघड पानांचं काय? गणना ३१ मध्ये मिद्यान्यांवर परमेश्वराचा सूड उगवायला माणसंच पाठवली आणि बायका-मुलांनाही सोडलं नाही. १ शमुवेल १५ मध्ये अमालेक्यांची तान्ही मुलंसुद्धा मारायची आज्ञा आहे. शमशोन मरताना आपल्या डोळ्यांचा सूड मागतो आणि खांब पाडतो. एस्तेरच्या ग्रंथात ज्यूंनी पंचाहत्तर हजार शत्रू मारले. देवावर कुठे सोडलं?

आणि दावीदाचंही ऐका. अबशालोमाच्या बंडात दावीद पळत होता तेव्हा शौलाच्या कुळातल्या शिमीने त्याला दगड मारले, शिव्या घातल्या. तेव्हा दावीद म्हणाला, देऊ दे शाप, परमेश्वर माझं दुःख पाहील. परतल्यावर तुला मारणार नाही अशी शपथही घेतली. आणि मरणशय्येवर मुलगा शलमोन याला काय सांगितलं? त्याचे पिकले केस रक्ताने माखून अधोलोकात पाठव. शलमोनाने शिमीला आधी यरुशलेमातच राहायची अट घातली. तीन वर्षांनी तो पळालेले दोन गुलाम आणायला गथला गेला, तेवढ्यावर त्याला धरला. परमेश्वर तुझी दुष्टाई तुझ्याच माथी आणील असं तोंडाने म्हटलं आणि लगोलग बनायाला तलवार चालवायला सांगितलं.

आडवाट

कातळ, ही पानं टाळून या विषयावर बोलताच येणार नाही. गणना ३१ आणि अमालेक यांचं मी समर्थन करत नाही, मला ते जमत नाही. परंपरेनेही त्यांना नुसतं कवटाळलेलं नाही. शेजारच्या राष्ट्रांविरुद्धच्या जुन्या नियमांचा प्रश्न निघाला तेव्हा मिश्नात (यादायीम) उत्तर आलं की अश्शूरचा राजा सन्हेरीब याने सगळ्या राष्ट्रांची सरमिसळ करून टाकली, आता तो कोण आणि हा कोण हे ओळखता येत नाही. तो नियम अम्मोनी-मवाब्यांचा होता, अमालेकाचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे सांगायलाच हवं.

एस्तेरबद्दल मात्र एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही. तिथे सगळं माणसांच्या हातांनी होतं. आणि ग्रंथकार पुन्हा पुन्हा बजावून सांगतो की त्यांनी लुटीला हात लावला नाही. ग्रीक भाषांतरात मेलेल्यांचा आकडा पंधरा हजारांवर आलाय, म्हणजे पंचाहत्तर हजार पचवणं जुन्या वाचकांनाही जड गेलं असावं, असा माझा तर्क.

शिमीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. दावीदाने तिथे सूड देवावर सोडला नव्हता, मुलावर सोडला होता. लिहिणाऱ्याने ते लपवलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

रानजाई

मी इथे फारशी लिहीत नाही. रिस्पाचं नाव शीर्षकात आहे आणि अजून कोणी तिच्याबद्दल बोललं नाही, म्हणून.

२ शमुवेल २१. तीन वर्षं दुष्काळ. कारण सांगितलं जातं की शौलाने गिबोनी लोकांना मारलं, ते रक्त देशावर आहे. गिबोनी चांदी-सोनं नको म्हणतात, शौलाच्या घरचे सात पुरुष मागतात. दावीद देतो. त्यातले दोन शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे. जवाच्या कापणीच्या सुरुवातीला सातही जणांना डोंगरावर टांगतात आणि प्रेतं तशीच ठेवतात. रिस्पा गोणपाट घेते, खडकावर अंथरते आणि तिथे बसते. आकाशातून पाऊस पडेपर्यंत. दिवसा पाखरांना बसू देत नाही, रात्री रानातल्या जनावरांना जवळ येऊ देत नाही. ती एक शब्द बोलल्याचं ग्रंथात नाही.

दावीदाला हे कळतं, तेव्हा तो याबेश-गिलादाहून शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी आणवतो, टांगलेल्यांच्या अस्थी गोळा करवतो, आणि शौलाच्या बापाच्या थडग्यात शौल-योनाथानाचं दफन होतं. त्यानंतर देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली, असं वाक्य आहे. सात जण मारल्यावर लगेच ते वाक्य आलेलं नाही, दफनानंतर आलंय. देवाला ते सात बळी हवे होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा क्रम पाहावा.

थेम्सकाठ

रानजाई, फार सुंदर लिहिलंत. मी योनाबद्दल लिहितो, कारण त्याची दुसरी बाजू मी रोजच्या वाटेवर पाहतो. ब्रिटिश म्युझियममध्ये लाखीशचे शिलापट आहेत. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदातलं लाखीश घेतो, त्याची चित्रं त्याने निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतली होती. बैलगाड्यांवर संसार लादून बायका-मुलं बाहेर पडतायत, बाजूला शूळावर चढवलेली माणसं, खाली पाडून जिवंत सोलली जाणारी माणसं. सिंहासनावर राजा बसलाय. त्याचा चेहरा कोणीतरी मुद्दाम फोडलेला आहे.

संदेष्टा योना याला देवाने जायला सांगितलं ते याच निनवेला. राजे ग्रंथातला योना लाखीशच्या आधीच्या काळातला, पण योनाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्यांना अश्शूर म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. तो उलट दिशेला तार्शीशला पळतो. भीतीने पळाला असं आपण समजतो, पण चौथ्या अध्यायात तो स्वतः कारण सांगतो. मला माहीत होतं तू कृपाळू आहेस, मंदक्रोध आहेस, यांना सोडून देशील, म्हणून पळालो. सूड देवाकडे दिला की हा धोका येतोच. तो माफ करू शकतो. ग्रंथ संपतो देवाच्या प्रश्नावर. उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ जनावरं आहेत त्या शहरात, मी त्यांची कीव करू नको काय? योनाचं उत्तर दिलेलं नाही. पुढे इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलंच आणि त्यावर नहूमाचं जल्लोषाचं काव्यही याच बारा संदेष्ट्यांत ठेवलंय.

नीरजा_प

थेम्सकाठ, योना मला नेहमी अर्धवट वाटतो तो इथेच. निनवेकर गोणपाट नेसले, हातातला जुलूम सोडला, देवाने माफ केलं. पण सोललेल्यांचं काय? त्यांच्या वतीने माफ करायचा हक्क देवाला कोणी दिला? कोर्टातही माझ्या अशीलबाईला विचारल्याशिवाय तडजोड झाली तर मी उठून उभी राहते.

शुलमीत_अश्दोद

नीरजाताई, तुम्ही विचारताय त्याचं उत्तर आमच्या पंचांगातच आहे. योना आम्ही योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारच्या प्रार्थनेत पूर्ण वाचतो. आणि त्याच दिवसाबद्दल मिश्ना (योमा, आठवा अध्याय) म्हणते की माणूस आणि देव यांच्यातली पापं हा दिवस धुतो. माणसामाणसातली धूत नाही, ज्याचं बिघडवलं त्याची समजूत घातल्याशिवाय.

मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित रंबाम (मायमोनिडीस) याने पश्चात्तापाच्या नियमांत याची रीत घालून दिली आहे. आधी भरपाई, मग क्षमा मागणं. त्याने नाकारली तर तीन जणांना सोबत घेऊन जायचं. पुन्हा नाकारली तर पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही. तो माणूस मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी उभं राहून, मी याचं अमुक केलं असं मोठ्याने सांगायचं. त्याचं पैशाचं देणं असेल तर वारसांना द्यायचं. वारस ठाऊक नसतील तर रक्कम न्यायालयात जमा करायची आणि तिथेही कबुली द्यायची.